पळसाच्या रंगाचं पाकीट

कंडक्टरची चामडी बॅग उघडली की आत अंधार असतो. चिल्लरचा कप्पा, नोटांचा कप्पा, तिकिटाच्या मशीनचा जादा कागदी रोल, वेबिल, पेन, लवंगांची पुडी आणि सगळ्याच्या खाली आपलं स्वतःचं पाकीट. माझं पाकीट पहिली सात वर्षं काळं होतं. नवऱ्यानं नवीन घेतलं तेव्हा त्याचं जुनं माझ्याकडे आलं. पैसे ठेवायला पाकीट लागतं, रंगाला काय करायचंय, असं म्हणून मी ते वापरत राहिले. गाडीतल्या बहुतेक पुरुषांच्या खिशात तसलंच असतं. काळं नाहीतर चॉकलेटी, दुमडून दुमडून मधोमध चिरलेलं, कोपरे घासलेले.

२०१८ चा मे महिना होता. लग्नसराई. अकोटहून अकोल्याला येणारी संध्याकाळची फेरी. अंतर जेमतेम ४५ किलोमीटर, पण लग्नाच्या तिथीला ही वाट संपता संपत नाही. आहेराची भांडी, झोपलेली लेकरं, नव्या साड्यांची सळसळ, आणि उघड्या खिडकीतून भट्टीसारखी येणारी झळ. चोहोट्ट्याला आणखी वीसेक माणसं चढली. सुट्ट्या पैशांची ओढाताण चालू होती. तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहून देत होते आणि माणूस उतरायच्या आधी सुट्टे जमवून त्याला शोधत होते. दहाच्या नोटांची एक घडी मी बॅगेत टाकली. अंधार पडला होता, आतले दिवे मिणमिणते. ती घडी नोटांच्या कप्प्याऐवजी माझ्या पाकिटात गेली. बॅगेचं अस्तर काळं, पाकीट काळं, आणि त्या वर्षी नवीनच निघालेली दहाची नोट चॉकलेटी. हाताला फरक कळला नाही.

पूर्णेचा पूल यायच्या आधी तपासणीवाले चढले.

ड्यूटीवर निघताना आमच्याजवळ खासगी पैसे किती आहेत, ते लिहून द्यावं लागतं. मशीन सांगतं तेवढे पैसे बॅगेत हवेत आणि लिहून दिले तेवढेच आपल्या पाकिटात. नियम साधा आहे, चांगला आहे, प्रामाणिक माणसाच्याच भल्याचा आहे. मी ३०० लिहिले होते. पाकिटात निघाले ४२० आणि बॅगेत १२० कमी. गाडी बाजूला उभी होती, साठ-सत्तर माणसं गप्प होती, आणि मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, ‘‘बाईच्या पाकिटातच निघाले ना.’’

साहेब शांत माणूस होता. त्यांनी दोन्ही रकमा कागदावर मांडल्या, बेरीज केली, ती पैशाला पैसा जुळली. लिहायचं ते त्यांनी लिहिलं, मी सही केली. चूक माझीच होती. उतरताना ते एवढंच म्हणाले, ‘‘ताई, आपलं पाकीट असं ठेवा, की हाताच्या आधी डोळ्याला कळलं पाहिजे.’’

त्या रात्री मी जेवले नाही. माझे वडील कापूस करायचे. खारपाणपट्ट्यातली जमीन, विहिरीला खारं पाणी, सगळा भरवसा पावसावर. चुकारा मिळाला की पैसे बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि घरी आल्यावर देवापुढे मोजायचे. त्यातून उसनवारी कोणाची, दुकानदाराचे किती, हे आधी वेगळं व्हायचं, मग उरलेलं आपलं. दुसऱ्याचा पैसा आपल्या पैशाला चिकटू द्यायचा नाही, हे त्यांनी कधी तोंडानं सांगितलं नाही, रोज करून दाखवलं. आईचा बटवा मात्र वेगळाच होता. लुगड्याच्या काठाचा, हिरवा-लाल, नाडी ओढून बंद होणारा. त्यात कधी शंभर रुपयेही नसतील, पण तो तिचा होता. घरात कुठंही पडला तरी लांबून दिसायचा, आणि त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. त्या रात्री मला तो बटवा आठवला, अगदी त्याच्या नाडीच्या टोकाला लावलेल्या दोन कवड्यांसकट.

साप्ताहिक सुट्टीला मी गांधी रोडवर गेले. सकाळी दहालाच, कारण अकोल्यात मे महिन्यात बारानंतर बाजारात फिरायचं म्हणजे जिवाशी खेळ. पारा ४५ च्या वर जातो आणि दुकानदार अर्ध्या शटरआड पंख्याखाली बसलेले असतात. पाकिटांचा एक गाळा आहे, अगदी अरुंद, छतापासून पट्टे आणि पर्सा लोंबकळणारा. दुकानदारानं माझ्यापुढे आपण होऊन चार पाकिटं टाकली. काळं, काळं, चॉकलेटी, मरून.

‘‘रंगीत दाखवा ना भाऊ.’’

‘‘रोज वापराले हेच बरं पडते ताई. मळकट दिसत नाही.’’

‘‘मला दिसणारंच पाहिजे.’’

मग त्यांनी मागच्या खोक्यातून काढली. बाया साडीच्या दुकानात जे रंग मागतात तेच सगळे तिथं होते. राणी, चिंतामणी, मोरपंखी, पोपटी, लिंबू, अबोली. एवढे रंग एकदम समोर आले की माणूस हरखतो, आणि मी खरंच हरखले. पण मी डोक्यात एक ठरवून गेले होते. खांद्याची काळी पिशवी मी रिकामी केली, एकेक पाकीट तिच्या तळाशी टाकलं, पिशवीचं तोंड अर्धं मिटलं आणि वरून पाहिलं. दुकानदार आधी गोंधळले, मग त्यांनाही मजा वाटायला लागली. त्यांनी पंख्याजवळचा दिवा घालवला. ‘‘आता पाहा, आता खरा अंधार झाला.’’

मोरपंखी तर लगेच बुडालं. मरून, गडद हिरवं, निळं यांचा पत्ताच नाही. राणी रंग उजेडात एवढा भडक, पण अंधारात त्याची धार गेली आणि तो जांभळट काळा झाला. हे मला ठाऊकच होतं एका अर्थानं. दिवेलागणीच्या वेळी गाडीतल्या लाल साड्या सगळ्यात आधी काळ्या पडतात आणि पिवळ्या-पोपटी साड्या उशिरापर्यंत उजळ राहतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. लिंबू रंग सगळ्यात ठळक दिसला, पण माझ्या हाताला दिवसभर चिल्लरचा काळा मळ असतो. आठ दिवसांत त्या लिंबाचं काय झालं असतं ते सांगायला नको. मग राहिलं एक शेवटचं. दुकानदार त्याला ऑरेंज म्हणत होते. केशरीहून तांबूस, शेंदराहून उजळ. पिशवीच्या तळाशी ते निखाऱ्यासारखं दिसत होतं. रेल्वेच्या रुळावर काम करणारी माणसं याच रंगाची जाकिटं का घालतात, ते मला त्या क्षणी कळलं.

पण जाकीट नंतर सुचलं. आधी आठवला पातूरचा घाट. वाशिम मार्गावर ड्यूटी लागली की फाल्गुनात तो घाट लागतो. सगळं रान वाळून गेलेलं, गवत पिवळं, सागाची पानं झडलेली, आणि मध्येच पळस पेटलेले. एक पान नसतं झाडावर, नुसती फुलं. त्या वळणावर गाडीतली गडबडसुद्धा क्षणभर थांबते, लेकरं खिडकीला नाक लावतात. पाकिटाचा रंग तो होता. मी दुसरं काही पाहिलंच नाही.

रंग ठरला, मग बाकीचं पाहिलं. आधी माप. लोक हे पाहत नाहीत आणि नंतर कुरकुरतात. जुनी ५०० ची नोट १६७ मिलिमीटर लांब आणि ७३ उंच होती. २०१६ नंतरची १५० बाय ६६ आहे. २०० ची १४६, ५० ची १३५, दहाची तर १२३ आणि उंचीला ६३. जुन्या नोटांच्या मापानं शिवलेल्या पाकिटात नव्या नोटा खोल बसतात. वरून दिसत नाहीत, बोट खुपसून काढाव्या लागतात. माझ्या काळ्या पाकिटाचं तेच झालं होतं. या पाकिटाचा कप्पा उथळ होता, नोटेची कड वर दिसत होती. चेन पितळी होती, अडकत नव्हती. चिल्लरच्या कप्प्याला टिचबटण. माल रेक्झिनचाच, चामड्याचा नव्हे, आणि दुकानदारांनी तसं सरळ सांगितलं याचं मला बरं वाटलं. कड वाकवून पाहिली, पापुद्रा सुटला नाही. आतलं अस्तर मात्र काळं होतं. मी घरी येऊन जुन्या ओढणीचा पिवळा तुकडा आतून टाचला. १८० सांगितले, १५० ला दिलं.

दुसऱ्या दिवशी बॅग उघडली आणि ते दिसलं. झालं, एवढंच काम होतं त्याचं आणि ते झालं होतं. त्या दिवसापासून आजवर माझ्या पैशात आणि बॅगेतल्या पैशात एक नाणंही इकडचं तिकडे झालेलं नाही. पण महिन्याभरानं लक्षात आलं, की काम तर होतंच आहे, वर आणखी काहीतरी होतंय. मी ते पाकीट विनाकारण बाहेर काढायला लागले होते. अकोटच्या स्थानकावर दहा मिनिटं मिळाली की चहा प्यायला जाते, तिथं बाकावर ते शेजारी ठेवायचे. चहाचे पैसे आधी सुट्टे हातात धरून जायची सवय होती, ती मोडली.

आमच्या कामात सगळं दिलेलं असतं. खाकी दिलेली, बिल्ला दिलेला, मशीन दिलेलं, ड्यूटी लावलेली, गाडीचा नंबर ठरलेला. यात दुःख नाही, खाकी अंगावर आली की मला आजही ताठ वाटतं. पण सकाळी साडेपाचपासून रात्रीपर्यंत ज्या ज्या वस्तूला माझा हात लागतो, त्यात माझ्या पसंतीची एकच होती. ती मी अर्धा तास घालवून, दिवा घालवून, पिशवीत टाकून निवडली होती. बाईला स्वतःसाठी अर्धा तास घालवायची सवय नसते. घरचा किराणा निवडते, लेकरांचे कपडे निवडते, पाहुण्यांना द्यायची साडी निवडते, आणि स्वतःसाठी उरलेलं, जुनं झालेलं, दुसऱ्यानं सोडलेलं वापरते. मी सात वर्षं तेच केलं होतं.

मग मी गाडीतली पाकिटं पाहायला लागले. तशी रोजच दिसत होती, पण दिसणं आणि पाहणं यात फरक आहे. पुरुषांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बायांचे पैसे कुठून कुठून निघतात, ते मात्र बसून लिहावं असं आहे. पदराच्या गाठीतून, रुमालाच्या पुरचुंडीतून, ब्लाऊजमधून घामानं भिजलेली चौघडी नोट, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून, लेकराच्या दप्तरातून. बंजारा बायांच्या आरसे आणि कवड्या लावलेल्या पिशव्या, एकेका टाक्याला आठ-आठ दिवस गेले असतील अशा. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेला गाडी भरली की त्या पिशव्यांनी सगळी गाडी चमकते. आणि सगळ्यात जास्त दिसतं ते सराफाच्या दुकानातलं चेनचं छोटं पाकीट. मंगळसूत्राची वाटी नाहीतर पोरीच्या कानातले घेतले तेव्हा दागिन्यासोबत मिळालेलं. लाल, गुलाबी, वर सोनेरी अक्षरात दुकानाचं नाव. दागिना कधीच गहाण पडलेला असतो, पाकीट दहा वर्षं चालू असतं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. त्या आठवड्यात माझ्या गाडीत जे पाहिलं ते मी विसरणार नाही. ज्या बाया कधी एकट्या निघत नव्हत्या, त्या निघाल्या. आधी जोडप्यात तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा नवरा काढायचा, बाई खिडकीबाहेर पाहत बसायची. आता बाई म्हणते, ‘‘माह्यं मी काढतो.’’ आमच्याकडच्या खेड्यातल्या बाया स्वतःबद्दल असंच बोलतात, करतो, जातो. आणि मग त्या सराफी पाकिटाची चेन उघडते. चोहोट्ट्याहून बसणाऱ्या एका आजींनी तर पहिल्या दिवशी तिकीट हातात घेऊन दोनदा पाहिलं. ‘‘अर्धंच वं माय? खरंच?’’ उरलेले पैसे त्यांनी पाकिटात घातले, चेन लावली, आणि पाकीट मांडीवर ठेवून वरून हात फिरवत बसल्या. त्यांचंच लक्ष माझ्या पाकिटाकडे गेलं होतं पुढच्या फेरीला. ‘‘पोरी, लय साजरा रंग हाये वं तुह्या पाकिटाचा. कोठून घेतलं?’’ मी गाळ्याची खूण सांगितली. पुढच्या महिन्यात त्यांच्या हातात पोपटी पाकीट होतं. मला दाखवायला त्या मागच्या सीटवरून उठून पुढं आल्या, चालत्या गाडीत, दांड्याला धरत धरत. मी रागावले, बसवलं त्यांना खाली, पण पाकीट नीट पाहिलं. चेन ओढून पाहिली, कड वाकवून पाहिली, अस्तर पाहिलं.

विसरलेल्या पाकिटांचं सांगायचं राहिलं. गाडी रिकामी झाली की सीटखाली एक नजर टाकायची, ही सवय लागलेली असते. सापडलेली वस्तू स्थानकावर नियंत्रकांकडे जमा करायची, नोंद करायची. छत्र्या, डबे, पाण्याच्या बाटल्या खूप. पाकिटं कमी, पण ज्याचं जातं त्याचा जीव अर्धा होतो. पैशापेक्षा आधार कार्डासाठी, एटीएमसाठी, कोणाच्या तरी फोटोसाठी. एकदा एक पाकीट सापडलं आणि नियंत्रकांच्या खिडकीपाशी तासाभरात दोघं आले. दोघांचंही हरवलेलं, दोघंही खरं बोलत होते. ‘‘कसं होतं?’’ ‘‘काळं.’’ ‘‘आणखी काही?’’ ‘‘जुनं होतं.’’ दुसऱ्याचंही काळं, त्याचंही जुनं. आतल्या कागदांवरून ते एकाचं निघालं. दुसऱ्याचा चेहरा मला अजून आठवतो, कारण हातात आलंच होतं असं त्याला वाटलं होतं. त्यानं वाकून पुन्हा एकदा ते पाकीट पाहिलं, आपलं नाही याची खात्री करून घेतली, आणि गेला.

माझंही एकदा राहिलं. अकोटला चहाच्या बाकावर. गाडी सुटायची वेळ झाली, नियंत्रकांनी पुकारा केला, मी धावत चढले. बेल दिली, तिकिटं फाडायला सुरुवात केली, म्हणजे मशीनवरच काढायची, पण आमच्या तोंडात अजून फाडणंच आहे. दोनेक किलोमीटर गेल्यावर सुट्ट्यासाठी बॅग उघडली आणि तळाशी नुसता अंधार. एका नजरेत कळलं. काळं पाकीट असतं तर मी चाचपडत राहिले असते, आहे खालीच कुठंतरी म्हणत थेट अकोल्याला पोचले असते. ड्रायव्हर भाऊंना सांगायला पुढे गेले, तोवर मागून एक मोटारसायकल हॉर्न वाजवत आली. चहावाल्याचा पोरगा. हात उंच करून ते पाकीट फडकवत होता आणि ते अख्ख्या रस्त्याला दिसत होतं.

‘‘ताई, बाबा म्हणे हे कंडक्टर ताईचंच हाये. असं दुसऱ्या कोणाचं नाही.’’

मी मोजलं नाही. त्याला चहाचे राहिलेले पैसे दिले, ते घाईत द्यायचेच राहिले होते.

आता पाकीट जुनं झालं आहे. खिडकीच्या बाजूला ऊन लागून एक कोपरा फिका पडला आहे, जसा पळस चैत्रात झडायच्या आधी पडतो तसा. पैसेही आता त्यात कमी असतात. गाडीतले निम्मे लोक मशीनवरचा कोड स्कॅन करतात, चहावाल्याकडेही कागद चिकटवलेला आहे. तरी मी पाकीट नेते. गेल्या पंधरवड्यात त्याच्या चेनजवळची शिलाई उसवली. बसस्थानकाबाहेर कडुनिंबाखाली मोचीदादा बसतात, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी उलटसुलट पाहिलं, आतलं पिवळं अस्तर पाहून हसले.

‘‘दोन मिनिटांचं काम आहे ताई. पण माझ्यापाशी काळा दोरा हाये फक्त, नाहीतर पांढरा.’’

‘‘मग उद्या आणते.’’

‘‘काळ्यानं काय होते? आतून कोणाले दिसते?’’

‘‘मला दिसते ना दादा.’’

त्या रात्री घरी शिलाईचा डबा उपसला. ब्लाऊजांची उरलेली रिळं होती, सतरा रंगांची. केशरी होतं ते फार पिवळं वाटलं, शेंदरी होतं ते लालसर. दिवा घालवून, रस्त्याच्या उजेडात दोन्ही पाकिटावर ठेवून पाहिली. शेवटी दोन्हींचा एकेक पदर घेऊन पिळला. सकाळच्या फेरीआधी तो दोरा मोचीदादांच्या हातात दिला. त्यांनी तो मेणावरून दोनदा ओढला, आरी घातली आणि मान खाली घालून शिवायला लागले. तिकडे फलाटावर अकोट गाडी लागत होती.